शालनचा स्टँड

साहेब, परवा तुम्ही खोटं बोललात. भरल्या सभेत, गळ्यात हार घालून, माइकसमोर उभं राहून खोटं बोललात.

वाचनालयाच्या हॉलमध्ये मी पहिल्याच रांगेत होतो. खांबाला लागून, पांढऱ्या टोपीचा म्हातारा. तुम्ही दोन-तीनदा माझ्याकडं बघितलंत. माणूस काय मन लावून ऐकतोय, असं वाटलं असणार, कारण सगळं भाषण होईपर्यंत मी तुमच्या तोंडावरची नजर काढली नाही.

कॉलेजची पोरं आली होती. त्यांना तुम्ही इंग्रजीतला एक वाक्प्रचार समजावून सांगितलात. टेक द स्टँड. "शब्दाला शब्द लावू नका," म्हणालात, "स्टँड उचलून घरी न्यायचा नसतो." पोरं हसली. "कोर्टात साक्षीला उभं राहायचं, शपथ घ्यायची, आणि जे ठाऊक आहे ते सांगायचं, हा त्याचा अर्थ. आपण त्या जागेला पिंजरा म्हणतो. काय हा शब्द! चोर असल्यासारखा साक्षीदार बिचकतो." वापर कसा करायचा तेही सांगितलंत. भूमिका घेणं निराळं, साक्षीला उभं राहणं निराळं, दोन्हींची गल्लत करू नका, असंही बजावलंत. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

मग पाण्याचा घोट घेतलात आणि म्हणालात, "माझ्यासमोर जो साक्षीला उभा राहिला, त्याचा एकही खरा शब्द मी वाया जाऊ दिला नाही."

टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. प्रश्न विचारायला हात वर केला, तर अध्यक्षांनी घड्याळाकडं बोट केलं. चहा निवत होता म्हणे.

म्हणून लिहितोय. तुम्हाला आठवत नसेल तर आठवण करून देतो.

आमचं हे यंत्रमागांचं गाव. तेव्हा टीव्ही दोन-चार घरांत होता आणि माग घरटी होते. मी भाऊशेटच्या शेडमध्ये माग चालवायचो. तुम्ही चालत्या शेडमध्ये कधी पाय ठेवलाय का? नसेल ठेवला. तिथं कानात तोंड घालून बोंबललं तरी माणसाला कळत नाही. आडवं सूत घेऊन धोटा इकडनं तिकडं जातो, तिकडनं इकडं येतो, खटाखट खटाखट, आणि असे किती तरी माग एका पत्र्याखाली. बाहेरचा माणूस आत आला की कपाळाला हात लावून परत फिरायचा.

पण साहेब, त्या शेडइतक्या गप्पा मी आयुष्यात कुठं मारल्या नाहीत.

आम्ही तोंडानं बोलायचो, नुसत्या तोंडानं. आवाज काढायचाच नाही. ओठ हलवायचे, भुवई उडवायची, लागलंच तर बोट. या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात बोलणं व्हायचं. कुणाची बायको माहेरी गेली, कुणाचा कोंबडा झुंजीत मेला, कालच्या भजनात कोण बेसूर गायला. शिकवलं कुणी नाही. महिना-दोन महिने त्या आवाजात काढले की नजर आपोआप माणसाच्या ओठावर जाते. भाऊशेटला यातलं काही येत नव्हतं. तो शहरात शिकून आलेला. त्याच्या समोर उभं राहून, तोंडावर हसू ठेवून, आमचा इलाई त्याच्या सात पिढ्या उद्धरायचा, आणि भाऊशेट मान हलवून पुढं जायचा. त्याला वाटायचं, रामराम करतोय.

इलाई नदाफ. त्याचा माग माझ्या मागाच्या पुढं. त्याच्या पलीकडं, भिंतीला, कांडी भरणाऱ्या बायका बसायच्या. धोट्यात जी लाकडी कांडी बसवतात तिच्यावर सूत भरायचं काम. त्यात शालन नवीन आली होती. तिचं तोंड मागांकडं, म्हणजे आमच्याकडं.

पहिल्या दिवशीच तिनं मला विचारलं. ओठांनीच. "ओ, तुमचं नाव काय?"

"सातू. सातापा."

"बटण तुटलंय तुमचं, सातापा."

मी खाली बघितलं. खरंच तुटलं होतं. वर बघितलं तर ती कांडी भरत होती, जसं काही बोललीच नाही.

तिथनं आमचं सुरू झालं. मधे इलाई. तो मुद्दाम आडवा यायचा. कधी माझ्याकडं वळून म्हणायचा, "सात्या, माझ्या डोक्यावरनं बोलू नको. वाकून वाकून पोक आलं मला." कधी शालनकडं वळून भलतंच सांगायचा, "सातू म्हणतोय, तुझा अंबाडा कावळ्याच्या घरट्यागत दिसतोय."

शालन त्याला म्हणायची, "इलाईभाई, तुमचा निरोप पोचला. आता जैनबभाभीला पण एक पोचवते मी."

इलाई कानाची पाळी धरायचा. बायकोला तो फार भ्यायचा. शेडमधला सगळ्यात वांड माणूस आणि घरी पोरीची वेणी घालून द्यायचा.

तुम्हाला सांगून पटणार नाही, पण शालनचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. बायका आधी सुटायच्या, घोळक्यानं जायच्या. माझ्या दृष्टीनं तिला आवाज नव्हता आणि तरी ती सगळ्यात बोलकी होती. मी मनात तिला एक आवाज दिला होता. बारीक, पैंजणासारखा.

त्या उन्हाळ्यात इलाईच्या मागाची मोटर बिघडली. बिघडली म्हणजे चालायची, पण मागाला हात लावला की झटका द्यायची. उन्हाळ्यात सूत कोरडं पडून तुटतं, म्हणून आम्ही खाली फरशीवर पाणी मारायचो. अनवाणी पाय, ओली फरशी आणि झटका देणारा माग. यात शहाणपण कुणी शिकवायला नको.

दुपारची वेळ. इलाईनं माग बंद केला आणि भाऊशेट फेरीला आला तेव्हा त्याला दाखवला. मला त्याची पाठ दिसत होती. तो हात झटकून दाखवत होता. भाऊशेटचीही मला पाठच दिसत होती. त्याचं तोंड पलीकडं, कांडीच्या बायकांकडं. थोडा वेळ दोघं उभे होते. मग भाऊशेट निघून गेला. इलाईनं खांद्यावरचा टॉवेल काढला, हाताला गुंडाळला, आणि माग चालू केला.

मी त्याला खूण केली, काय झालं? तो वळला. हसला. काहीतरी बोलणार होता.

बोलला नाही. त्याचा हात मागाच्या चौकटीला चिकटला होता.

मेन बटण माझ्या बाजूला होतं. मी ते खाली ओढलं. सगळे माग एकदम थांबले. साहेब, चालती शेड एकदम थांबते तेव्हा जी शांतता होते ती कानाला लागते, थप्पड बसावी तशी. त्या शांततेत इलाई फरशीवर पडला. लोक धावले. मागनं भाऊशेट पळत आला आणि ओरडला, "मी सांगितलं होतं याला! बंद ठेव म्हणून सांगितलं होतं! माणसं ऐकत नाहीत!"

आणि भिंतीकडनं एक आवाज आला. जाडा, घोगरा, पुरुषी म्हणावा असा.

"खोटं हाय. तुमी म्हणला, चालव. काल मेला न्हाईस, आज बी मरत न्हाईस."

शालन उभी होती. मांडीवरच्या कांड्या खाली सांडल्या होत्या. तो तिचा मी ऐकलेला पहिला आवाज.

इलाई गेला, आणि भाऊशेटवर केस उभी राहिली. भाऊशेट म्हणाला, मी बंद ठेवायला सांगितलं, कामगारानं मजुरीच्या हावेपोटी परस्पर चालवला. म्हणजे मेला तो मेला, वर हावरा ठरला. जैनबभाभीचं एकच मागणं होतं. आमच्या युनियनचे वकील कुडचीकर यांच्यापुढं पदर पसरून ती म्हणाली, "वकीलसाब, मेरे आदमी को लालची मत लिखने दो. बेटी बडी होगी तो पढेगी."

कुडचीकर शालनच्या घरी आले. मीही होतो. तोवर आमचं घरच्यांना कळलं होतं. वकील म्हणाले, "शालनबाई, सगळी केस तुमच्यावर आहे. तुम्हाला स्टँड घ्यावा लागेल."

"स्टँड? येष्टीचा व्हय?" शालन म्हणाली. "त्यो सरकारचा हाय. मला कोण देतंय?"

कुडचीकर हसले. "इंग्रजीत म्हणतात तसं. कोर्टात उभं राहून, जे बघितलं ते सांगायचं."

"मग ते मी त्याच दिवशी शेडात सांगितलंय की."

"शेडमधला स्टँड धरत नाहीत. कोर्टातला धरतात."

शालननं माझ्याकडं बघितलं आणि ओठांनीच म्हणाली, "ह्यांचं उभं ऱ्हाणं बी जागा बघून."

भाऊशेटची माणसं येऊन गेली. साडी आली, परत गेली. मग तिच्या भावाला कामावरनं काढलं. तिची आई रडून रडून म्हणाली, "बाई गं, त्याचा जीव तर परत येत न्हाई." शालन चुलीत फुंकर घालत होती. म्हणाली, "जीव न्हाई. पण इलाईभाईनं हाव केली न्हाई. हे मला माहीत हाय. मी गप बसले तर मग हे कुणालाच माहीत न्हाई."

साहेब, भूमिका घेणं निराळं आणि साक्षीला उभं राहणं निराळं, असं तुम्ही पोरांना सांगितलंत. चुलीपुढं बसलेल्या त्या पोरीला मात्र दोन्ही एकच होतं. आणि पिंजऱ्याचं म्हणाल, तर ती त्या शब्दाला बिचकली नव्हती. पिंजऱ्यात तिला चोर कुणी केलं, ते आता सांगतो.

कोर्टाचा दिवस. वरचा पंखा खडखडत होता. बाजूला टाइपरायटर वाजत होता. मी बाकावर बसलो होतो, माझ्या शेजारी जैनबभाभी, तिच्या मांडीवर पोरगी. शालन धुतलेलं लुगडं नेसून आली होती, डोक्यावर पदर. ती पिंजऱ्यात चढली, कठडा दोन्ही हातांनी धरला, शपथ घेतली. वर न्यायाधीशाच्या खुर्चीत तुम्ही. तेव्हा केस काळे होते तुमचे.

कुडचीकरांच्या प्रश्नांना तिनं सरळ सांगितलं. मग मालकाचे वकील उठले. लांब, गोरे, आवाजात साय.

"बाई, शेडमध्ये माग चालू होते ना?"

"व्हय."

"आवाज असतो?"

"असतोय की."

"शेजारच्याचं बोलणं ऐकू येतं?"

"न्हाई येत."

"मग मालकांचे शब्द तुम्ही तुमच्या कानांनी ऐकलेत का?"

शालन म्हणाली, "त्याचं असं हाय, आमच्यात..."

तिथं तुम्ही बोललात, साहेब. "विचारलं तेवढंच सांगा. हो की नाही. इकडची तिकडची गोष्ट नको."

दुसरं कुणी असतं तर हो म्हणून मोकळं झालं असतं. एक 'हो' आणि केस उभी राहत होती. कुडचीकरांनी डोळे मिटून घेतले, बहुतेक तेच मागत होते देवाकडं. पण शालननं शपथ घेतली होती, खरं सांगेन म्हणून. आमच्या लोकांची हीच चूक. तुमच्या कागदावरच्या शपथेला आम्ही देवाची समजतो.

"कानांनी न्हाई," ती म्हणाली.

तुम्ही लगेच लिहून घ्यायला सांगितलंत. "आरोपीचे शब्द मी ऐकले नाहीत." टाइपरायटर वाजला.

"पुढचं लिवा की साहेब. ऐकले न्हाईत, बघितले."

कोर्ट हसलं. मालकाचे वकील तर खिशातनं रुमाल काढून हसले. "बाई, शब्द दिसतात होय? कुठल्या रंगाचे असतात?"

"रंगाचं म्हाईत न्हाई. पण बंद म्हणताना माणसाचे ओठ मिटत्यात. चालव म्हणताना मिटत न्हाईत. मालकांचे मिटले न्हाईत. पुढं म्हणले, काल मेला न्हाईस. ते दात दावून म्हणले."

भाऊशेट आरोपीच्या जागी उभा होता. तो खाली बघायला लागला. तेवढं तुम्ही बघितलंत का, मला ठाऊक नाही.

कुडचीकर म्हणाले, "माझी विनंती आहे. हवं तर कोर्टानं तिची परीक्षा घ्यावी. कुणीही त्या टोकाला उभं राहून आवाज न काढता बोलावं."

तुम्ही म्हणालात, "हे कोर्ट आहे, वकीलसाहेब. जत्रेतला तंबू नव्हे."

परत हशा. जैनबभाभीनं मला विचारलं, "क्या बोले?" मी पोरीला माझ्या मांडीवर घेतलं.

आणि मग ती गोष्ट घडली. तुम्ही कारकुनाला बोट करून जवळ बोलावलंत. तो उठून वर आला, तुम्ही पुढं झुकलात आणि हळू काहीतरी बोललात. पंखा खडखडत होता, लोक हसत होते, कुणाला काय ऐकू जाणार? बोलून झाल्यावर तुम्ही मान वर केलीत. शालन तुमच्याकडं बघत होती. कांडी भरताना बघायची तशीच, पापणी न हलवता, सरळ तुमच्या ओठांकडं.

कारकून खाली उतरला, शालननं तोंड उघडलं. "साहेब, तुमी आत्ता..."

"उतरा खाली!" तुम्ही ओरडलात.

ती उतरली नाही. कारकुनानं तिची साक्ष वाचून दाखवली. त्यात "ऐकले नाहीत" होतं, "बघितले" नव्हतं. सही करा म्हणाला. सही मी तिला शिकवली होती, पंधरा दिवस पाटीवर गिरवून. ती म्हणाली, "हे अर्धं हाय. अर्ध्यावर मी सही करत न्हाई."

तुम्ही म्हणालात, "साक्षीदारानं सही केली नाही, असं लिहा."

तेवढं मात्र खरं लिहिलंत.

भाऊशेट सुटला. निकालात इलाई नदाफ हावरा ठरला, छापील कागदावर. जैनबभाभी पोरीला घेऊन भावाकडं मिरजेला गेली. शालनला गावातल्या एकाही शेडनं परत ठेवून घेतलं नाही. म्हणायचे, बघणारी बाई नको. मी तिच्याशी लग्न केलं. गरिबीत केलं, वाजतगाजत केलं. शेडमधली झाडून सगळी आली होती, आणि पंक्तीत बसून सगळी ओठांनी बोलत होती. वाढणाऱ्या आचाऱ्याला वाटलं, वऱ्हाड मुकं आहे.

तुमचा तो वाक्प्रचार शेडमध्ये मात्र राहिला. कुणी मालकाच्या तोंडावर खरं बोललं, की या टोकापासून त्या टोकापर्यंत ओठ हलायचे. स्टँड. स्टँड घेतला. अर्थ कुणाला विचारावा लागत नव्हता. शब्दकोश मी फार उशिरा बघितला. त्यात शेडपेक्षा कमीच दिलंय.

आता ते माग गेले. नवीन आले, त्यांना धोटा नाही, कांडी नाही, कांडी भरणाऱ्या बायका नाहीत. जुन्या शेडच्या जागी मंगल कार्यालय झालंय. तिथनं जाताना मी अजून नजर टाकतो, भिंतीकडं, जिथं ती बसायची. गेल्या श्रावणात शालन गेली. शेवटी शेवटी घशातनं आवाज निघत नव्हता. डॉक्टर मला म्हणाला, "आजोबा, त्या काय म्हणतात कळतंय का तुम्हाला?" सगळं कळत होतं. म्हणत होती, बटण लावा.

आता तुम्हाला त्या दिवशीचं सांगतो. कोर्टाबाहेर भाऊशेटची माणसं आमच्या भोवतीच उभी होती. तिनं माझ्याकडं तोंड केलं आणि आवाज न काढता सांगितलं, तुम्ही कारकुनाला काय म्हणालात ते.

"बाई खरं बोलतेय. पण हे लिहिलं तर वरच्या कोर्टात मला हसतील. सोडा."

हे तिचे शब्द. मी शपथेवर सांगायचं तर ते मी बघितले नाहीत. कारकुनाचं डोकं मधे आलं होतं. पण त्याच्यानंतरचं मी बघितलंय, आणि ते मी कुठंही उभा राहून सांगेन. कारकून बाजूला झाला. तुमची आणि शालनची नजर भेटली. ती तुमच्या ओठांकडं बघत होती. आणि साहेब, तुम्ही झटकन तोंडावर हात ठेवलात. खोकला नाही, जांभई नाही. ती उभी होती तोवर तो हात निघाला नाही. ओरडलात तेही हाताआडनं ओरडलात.

परवा तुमचं भाषण मी ऐकलं नाही. माझे कान मागांनी कधीच खाल्ले. तुमचा शब्द न् शब्द मी बघितला, एकही खरा शब्द वाया जाऊ दिला नाही, हे वाक्यही धरून.

आता माझा एकच प्रश्न आहे. 'बघितले' हा शब्द ज्या माणसानं कागदावर येऊ दिला नाही, त्यानं त्या बाईसमोर तोंड का झाकलं? तिला दिसत होतं, हे तुम्हाला पटलं होतं. हो की नाही?

विचारलंय तेवढंच सांगा. इकडची तिकडची गोष्ट नको. मी पहिल्याच रांगेत येऊन बसेन, आणि उत्तर देताना तेवढा हात खाली ठेवा.